मांडवाबाहेरचा नायक

जानेफळचे तुळशीराम वायाळ सर कधी रागावत नसत. ते उठत.

पंगतीत वाढप्याने शेजारच्या पानात आधी बुंदी टाकली, की सर उठत. शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदकाने नुसतंच 'वायाळ सर' म्हटलं, पुढे 'आदरणीय' लावायचं विसरला, की खुर्ची मागे सरकवून उठत. एकदा तर तेरवीच्या जेवणाला, जिथे मेलेल्या माणसाखेरीज कुणाचा मान बघायचा नसतो, तिथेही गंध लावणारा आधी पोस्टमनकडे वळला म्हणून सर उठले होते.

उठून ते फार लांब मात्र जात नसत, हे ध्यानात घेतलं पाहिजे. खरा संतापलेला माणूस तडक घर गाठतो. सर हाकेच्या अंतरावर एखादा ओटा बघत, सगळ्यांकडे पाठ करून बसत आणि चष्मा काढून रुमालाने पुसत राहत. चष्मा पुसणं चालू आहे तोवर मनवायला यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. गावाला तो पाठ होता. मग दोघं जण निघत. एकट्याने गेलं तर मान कमी पडे आणि चौघं गेले तर सरांना तमाशा वाटे. एकाने हात धरायचा, दुसऱ्याने म्हणायचं, "सर, तुमच्याशिवाय पान हालत नाई." सर हात सोडवून घेत. पुन्हा धरायचा, पुन्हा सोडवायचा. शेवटी "तुमच्याकरता येतो, त्यांच्याकरता नव्हे" असं बजावून सर उठत, आणि तोवर निवलेलं वरण जेवत.

या दोघांतली एक जागा कायम विमलबाईंची, म्हणजे सरांच्या बायकोची. घरी तर हात धरायचं आणि 'पान हालत नाई' म्हणायचं, दोन्ही कामं त्यांच्याकडेच. लग्न झाल्यापासून त्यांनी गरम भात फार थोड्या वेळा खाल्ला.

सर मराठीचे एम. ए. हायस्कुलात मराठीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर बाकीचे मास्तर वावराकडे वळले, सर कादंबरीकडे वळले. नाव 'पंगतीतून उठलेला माणूस'. नायक जगदेवराव. चांगला धिप्पाड, दिलदार, कर्तबगार गडी. दोष एकच, मानाला हपापलेला. ह्या मांडवातून उठतो, त्या पंगतीतून उठतो, भावाशी अबोला, सोयऱ्यांशी अबोला, आणि शेवटी पोराच्या लग्नात उठून आपल्या वावरातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसतो. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून वाट बघतो. लांबून बँड ऐकू येतो. कुणी येत नाही. तिथेच त्याचा जीव जातो.

आता सांगा, हा कोण? जानेफळातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सरांना कळलं नाही. सरांनी हे सगळं आपल्या थोरल्या भावावर, रामरावांवर लिहिलं होतं. रामराव धामणगाव बढ्याला घरजावई. सरांच्याच लग्नात टोपी-दुपट्टा आधी चुलतभावाला दिला आणि नंतर त्यांना, एवढ्यावरून ते मांडवातून उठले होते आणि पुढे कित्येक वर्षं जानेफळाचं पाणी प्याले नव्हते. टोपी-दुपट्टा म्हणजे काय, तर माईकवर नाव पुकारायचं, पाहुण्याने पुढे यायचं, मोठ्या माणसाने त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर दुपट्टा टाकायचा. टोपी अशी की दुसऱ्या दिवशी तिने कुणी सायकलही पुसणार नाही. पण ती कुणाच्या आधी आणि कुणाच्या मागून मिळाली, यावर घरं फुटतात.

रामरावांचं ते वेड पुढे ओसरलं, आणि त्याला वैराग्य वगैरे कारण नव्हतं. त्यांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, जेवण चुकवायचं नाही. पंगतीतून उठणं परवडेना, म्हणून रामराव बसायला लागले. पण सरांच्या कादंबरीतला जगदेवराव मधुमेही नव्हता, त्यामुळे त्याला सुटका नव्हती.

कादंबरी लिहून झाली तसा सरांना एक सिद्धांतही सापडला, आणि तो त्यांनी बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना ऐकवला. "मोठ्या माणसाचा घात बाहेरून होत नाही. दुष्काळ, वैरी, नशीब ही सगळी किरकोळ मंडळी. त्याच्या स्वभावातच एक छिद्र असतं. बाकी सगळ्यांना ते दिसतं, त्याला एकट्याला दिसत नाही. यालाच शोकांतिका म्हणतात."

सलूनवाला दाढीला साबण लावता लावता म्हणाला, "सर, म्हंजे हा मानूस अथलाच कोणी हाये म्हना."

"बरोबर ओळखलंस," सर म्हणाले. "पण सध्या धामणगाव बढ्याला असतो."

सलूनवाल्याने आरशात सरांकडे बघितलं आणि वस्तरा चामड्यावर घासायला घेतला. गिऱ्हाइकाशी वाद घालणं त्याच्या धंद्यात बसत नाही.

कादंबरीत एक प्रकरण जगदेवरावाच्या बायकोवर होतं आणि सरांना त्याचा भारी अभिमान. ते त्यांनी विमलबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. विमलबाई मेथी निवडत होत्या.

"'तिने त्याला दर वेळी मनवले,'" सर वाचत होते, "'आणि त्या प्रत्येक मनवण्याने त्याच्या नाशाच्या भिंतीवर एक वीट चढवली. एकदा, फक्त एकदा कोणी त्याला तसेच बसू दिले असते, तर तो आपल्या पायांनी परत आला असता.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कसं आहे?"

"म्हंजे बायकोचंच चुकलं."

"तसं नव्हे. ती फक्त साधन आहे."

"कायचं?"

"नियतीचं."

"मले वाटलं पोळ्या टाकायचं," विमलबाई म्हणाल्या आणि काड्या उचलून उठल्या. गंमत बघा, त्या उठल्या तर त्याला रुसणं कुणी म्हणत नसे. स्वैपाकाला गेल्या म्हणत.

कादंबरी टाइप केली दीपमालाने. ही त्यांची एकुलती एक लेक. कृषी खात्यात नोकरी, स्वतःची स्कूटी, बोलायला सरळ. सरांचा जगात कुणावर जीव असेल तर हिच्यावर. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून तिला शाळेत नेताना ते वृत्तं म्हणवून घ्यायचे. भुजंगप्रयात चढाला, शार्दूलविक्रीडित उताराला. ते प्रकरण टाइप करताना तिची बोटं थांबली.

"बाबा, हे खरंच पटते तुम्हाले? मनवाले जाऊ नये?"

"पटल्याशिवाय मी लिहितो का? मनवणारे हेच त्याचे खरे मारेकरी आहेत."

"मंग असंच ठेवू? काही बदलायचं नाई?"

"एक अक्षर बदलू नकोस."

"ठेवलं," दीपमाला म्हणाली.

त्याच साली तिचं लग्न ठरलं. मुलगा संग्रामपूरचा, हर्षल, बी-बियाण्याचं दुकान, स्वभाव शांत. आणि इथे सरांच्या डोक्यात एक कल्पना आली, जी आपल्याच भागातल्या माणसाच्या डोक्यात येऊ शकते. आपल्याकडे लग्नात अक्षतांच्या आधी पुढाऱ्यांची भाषणं होतात. नवरदेव घोड्यावरून उतरून घामाने भिजतो, नवरी पाटावर ताटकळते, आणि माईकवर कुणीतरी धरणाचं पाणी वळवत असतो. मग त्याच वेळात कादंबरीचं प्रकाशन का होऊ नये? नुसत्या प्रकाशनाला जानेफळात कोण येणार? गर्दी जमते ती लग्नाला नाही तर मयतीला. सरांनी त्यातलं शुभ कार्य निवडलं, एवढी त्यांची समज मानली पाहिजे.

"करा," दीपमाला म्हणाली, "पण मुहूर्त टळला नाई पायजे. एका मिनिटाचंही मागंपुढं चालनार नाई मले. लोकांच्या लग्नात मी लय ताटकळली."

"तुझी शपथ," सर म्हणाले. "आणि शेवटचं मंगलाष्टक मी म्हणणार. स्वतः रचलंय."

ते खरंच त्यांनी रचलं होतं, आणि चांगलं रचलं होतं. शार्दूलविक्रीडितात, सायकलवरल्या उताराची आठवण म्हणून. रोज सकाळी न्हाणीत बादलीवर ताल धरून ते म्हणायचे. शेवटची ओळ अशी होती: 'बोले हा तुळशी सुखात रमणे, कुर्यात् सदा मंगलम्'. जुन्या कवींसारखी आपली नाममुद्रा त्यांनी त्यात घातली होती. 'तुळशी'शी आले की न्हाणीतला आवाज चढायचा. तिकडे चुलीपाशी विमलबाईंना कळायचं, आता दोन तांबे राहिले, चहा ठेवायचा. लेकीच्या डोक्यावर ही ओळ आपल्या तोंडून पडली की जन्माचं सार्थक, असं सरांना वाटत होतं. खोटं कशाला बोला, तेवढी एक इच्छा त्यांची निर्मळ होती. नाममुद्रा सोडून.

लग्न मे महिन्यातलं, दुपारचं. शाळेच्या मैदानात मांडव, कडेने कनाती, मागच्या अंगाला स्वैपाक आणि त्याच्या पलीकडे निंबाचा पार. वधूपक्षाला गुलाबी फेटे. वर आकाशात शूटिंगवाल्याचं ड्रोन भुणभुणत होतं. माईक गणेशच्या हातात. गणेश हा तालुक्यातल्या सगळ्या लग्नांचा निवेदक आणि सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी त्याला नववीत मराठीत नापास केलं होतं. आता तो तोंडाच्या जोरावर सरांपेक्षा बरा जगत होता. आठवडाभर आधी सरांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं: 'सुप्रसिद्ध कादंबरीकार, मराठीचे गाढे अभ्यासक, आदरणीय श्री. तुळशीराम वायाळ सर'.

"'गाढे' नंतर थांबू नकोस," सरांनी बजावलं होतं. "लोक हसतात."

प्रकाशनाला बोलावलेले माजी सभापती यायचे तेव्हा आले नाहीत. त्या दिवशी तालुक्यात लग्नं फार होती आणि साहेबांना सगळीकडे हात वर करून आशीर्वाद द्यायचे होते. शेवटी धुरळा उडवत गाड्या आल्या. साहेबांबरोबर माणसं इतकी की वऱ्हाड त्यांचंच वाटावं. दीपमालाने पाटावरून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सरांनी डोळ्यांनीच 'झालंच' म्हटलं.

साहेबांनी कागद फाडला, पुस्तक उलटं धरलं, फोटो काढून घेतला आणि बोलायला लागले. पाण्यावर बोलले, रस्त्यावर बोलले, स्वतःवर बोलले. मग हातातल्या वस्तूची आठवण झाली. "आन् सरांनी आपल्या पोरीच्या लग्नानिमित्त ही जी छानशी पुस्तिका काढली, त्याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करतो."

पुस्तिका! सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते उठले नाहीत. लेकीचं लग्न होतं, त्यांनी स्वतःला धरून ठेवलं. हे त्यांच्या नावावर जमा करायला हवं. तोवर पुस्तकं मांडवात वाटली गेली होती. उकाडा मरणाचा. बायांनी, बाप्यांनी, आज्यांनी कादंबऱ्या हातात घेतल्या आणि सगळा मांडव एका तालात वारा घ्यायला लागला. सरांच्या उभ्या आयुष्याचं चिंतन जानेफळाच्या घामावर असं फिरत होतं. तेही सरांनी गिळलं.

मग टोपी-दुपट्टे. गणेशने नावं पुकारायला सुरुवात केली. मामा झाले, आत्याचे यजमान झाले. "नवरीचे मोठे बाबा, धामणगाव बढ्याचे रामरावजी वायाळ!" रामराव काठी टेकत गेले, टोपी घातली, जागेवर येऊन बसले. मग साहेबांच्या माणसांतला एक उठला, त्याला टोपी. दुसरा उठला, त्यालाही. ती माणसं उठतच राहिली. सर स्टेजच्या पायरीशी उभे होते, फेटा नीट करून, पुस्तक छातीशी धरून. लेखकाचा सत्कार सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मोठा, असं ठरलं होतं.

आणि माईक चालू असताना गणेश मागे वळून म्हणाला, "टोप्या सरल्या का बे? बरं, जाऊ दे. सरांले मंग देऊ. ते घरचेच हायेत."

ते कर्ण्यातून स्वच्छ ऐकू आलं. पार मेहकरच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल.

सरांनी एका हातातलं पुस्तक स्टेजच्या पायरीवर ठेवलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत वाटलेल्या अक्षता होत्या, त्या ठेवायच्या राहिल्या. कनात बाजूला केली, आचाऱ्यांच्या कढयांमधून वाट काढली आणि निंबाच्या पारावर जाऊन बसले. मांडवाकडे पाठ. एकाच हाताने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

पारावर तानुबाई बसली होती, बकऱ्या राखत. ती वयाने सगळ्या गावाची आजी.

"सर, तुमच्या पोरीचं लगन तथी लागून राह्यलं, न तुम्ही अथी काऊन बसले?"

"बसलो असाच."

"उठले का?" तानुबाईने विचारलं. "आज कायचं झालं?"

"टोपीचं."

"अगं माय! डोक्शावर तं फेटा हाये. टोपी कोठी घालनार होते, फेट्यावर?"

सरांनी चष्मा जरा जोरात पुसला. कानाने ते मांडवाचा अंदाज घेत होते. आता विमल उठली असेल. आता तिने कुणालातरी हाक मारली असेल. आता दोघं निघाले असतील.

मागे खरोखरच पावलं वाजली. सरांनी मान थोडी ताठ केली आणि चेहऱ्यावर, जो हात धरायच्या आधी लागतो, तो भाव आणला. पावलं जवळ आली, शेजारून पुढे गेली आणि निंबाच्या पलीकडच्या कुंपणाशी थांबली. रामराव होते. साखरेच्या माणसाला सारखं जावं लागतं. परत येताना त्यांना सर दिसले.

"अरे तुळश्या! तू अथी? मले वाटलं, सायबाले गाडीपावतर सोडाले गेला."

"तुम्हाला मला बोलवायला पाठवलंय ना?" सरांनी पाठ न वळवता विचारलं.

"मले? नाई बापा. कोनीच नाई येऊन राह्यलं. विमल निंघाली होती, तं दीपानं तिचा हात धरला. म्हने, बाबानं पुस्तकात लिहून ठेवलं, मनवाले गेलं का मानूस बिघडते. बसू दिलं तं आपल्या पायानं येते. आज त्याहीच्या म्हन्याप्रमानं होऊ द्या."

सरांचा चष्मा पुसणारा हात थांबला.

"असं लिहिलं काय तू?" रामरावांनी विचारलं. "मी काई वाचलं नाई. वारा चांगला लागते त्याचा. माह्यावर हाये म्हनते ते?"

"तुमी तरी म्हना ना," सर एकदम वऱ्हाडीवर आले, एरवी ते प्रमाण बोलत. "दादा, तुमी तं मोठे हा. म्हना ना मले, चाल म्हनून!"

रामराव काठीवर रेलून थोडे हसले. "मले मनवता येत नाई रे. जनमभर मी रुसनारा मानूस. समोरच्याचं काम कधी केलंच नाई." मग मांडवाकडे बघून म्हणाले, "चालतो मी. माही गोळी जेवनाआधीची हाये." आणि खरंच निघाले. बरोबर चल असं ते म्हणाले नाहीत, आणि म्हटल्याशिवाय सर उठले नाहीत. दोन म्हातारे भाऊ, मधे दहा पावलं. एकाला बोलवता येत नाही, दुसऱ्याला न बोलावता जाता येत नाही.

तेवढ्यात कर्णा खरखरला. गणेशच होता. विमलबाईंनी दीपमालाची नजर चुकवून त्याला खुणावलं होतं, हे पुढे कळलं. "एक सूचना. वधूपिता जिथं असतील तिथून त्यांनी ताबडतोब मांडवात यावं. तसंच स्वैपाकाच्या वाटेवर पांढरी गाडी लावली, ज्याची असंल त्यानं काढून घ्यावी. मठ्ठ्याची टाकी अडकून राह्यली."

सर अर्धे उठले होते. अगदी गुडघे सरळ झाले होते. तानुबाईने बकरीला बाजूला ओढून वाटही करून दिली.

वधूपिता! ना नाव, ना श्री., ना आदरणीय. सुप्रसिद्ध तर सोडाच. आणि एका दमात मठ्ठ्याच्या टाकीबरोबर.

सर बसले.

"आता तं बलावलं न व!" तानुबाई म्हणाली. "जाय ना बाबा. लेकरू हाये तुह्यं."

"असं बोलावतात का?"

"मंग कसं बलावतेत? मले तं कोनी असंबी बलावलं नाई. वास आला म्हनून आली मी जेवाले."

मांडवात अंतरपाट धरला गेला. भटजींचं पहिलं मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. मुहूर्त टळला नाही, दीपमालाने टळू दिला नाही. सर मोजत नसल्याचं दाखवत होते, पण ओठ हलत होते. शेवटचं आलं. त्याच्या आधी कर्णा गप्प झाला. ही जागा त्यांची होती. ती रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेत सरांना पहिल्यांदा वाटलं की पळत जावं, फेटा पडला तरी चालेल. पाय जमिनीला लागलेही.

आणि कर्ण्यातून बाईचा आवाज आला. थोडा फाटका, पट्टी चुकलेली, जन्मात माईक न धरलेला. विमलबाई. त्यांनी कागद बघितला नव्हता, कागद सरांच्या खिशात होता. पण न्हाणीच्या दारातून रोज ऐकलेलं कुठे जातं? पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरांच्या अंगावर काटा आला. चौथ्या ओळीला आवाज चढला, न्हाणीत चढायचा तसाच.

'बोले ही विमला सुखात रमणे, कुर्यात् सदा मंगलम्!'

सरांची बोटं आपोआप गुडघ्यावर पडली. गुरू, गुरू, गुरू, लघु, लघु, गुरू. वृत्तात कुठेही खोट नव्हती. 'तुळशी' गेला आणि 'विमला' आली, तरी ओळीला काही कमी पडलं नव्हतं. एका मराठीच्या मास्तरला याहून वाईट काय कळायचं राहिलं?

ताशा कडाडला. मांडवात अक्षता उडाल्या. सरांनीही मूठ उघडून समोर टाकल्या, दुसरं करणार काय. तानुबाईच्या बकरीने चार दाणे टिपले आणि कुंकू लागलं म्हणून शिंकली.

कन्यादान विमलबाईंशेजारी बसून रामरावांनी केलं, डोक्यावर तीच टोपी ठेवून. सर पाठवणीला मात्र आले, स्वैपाकाच्या वाटेने. पांढरी गाडी अजून तिथेच होती. दीपमाला खाली वाकली, त्यांच्या पायाला हात लावला आणि वर बघत राहिली. सरांनी काहीतरी म्हणायची ती वेळ होती. साधं 'सुखी राहा' म्हटलं असतं, तर पुरलं असतं. सरांचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. आणि त्या ओठांतून आलं काय?

"गण्याला मी 'सुप्रसिद्ध' म्हणायला सांगितलं होतं. तुला ऐकू आलं का ते? मला नाही आलं."

दीपमाला उभी राहिली. तिने त्यांचा फेटा एका बाजूला कलला होता तो सरळ केला. "जाते, बाबा," म्हणाली आणि गाडीत बसली. ती रडली ती गाडी सुरू झाल्यावर, आणि आईच्या नावाने.

पुढे दिवाळीला तिला आणायला रामराव गेले. संग्रामपूरकरांनी सरांना फोनवरून बोलावलं होतं, आणि फोन हर्षलने केला होता, त्याच्या वडिलांनी नव्हे. मग सर कसे जातील?

दिवाळीतच शूटिंगवाल्याने लग्नाची चित्रफीत आणून दिली. घरात सगळे टीव्हीसमोर बसले. दीपमाला, हर्षल, रामराव, विमलबाईंच्या मांडीवर चिवड्याचं ताट. सर आरामखुर्चीत, रिमोट त्यांच्याकडे. ते स्वतःला शोधत होते. हळदीत सापडले, प्रकाशनात अर्धे सापडले, बाकी अर्ध्यावर साहेबांचा माणूस उभा होता. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र एकदम वर गेलं, ड्रोनवरून घेतलेलं. खाली सगळा मांडव, फेट्यांचे गुलाबी ठिपके एकमेकांना चिकटलेले, पाकळ्यांसारख्या अक्षता. कनातीच्या पलीकडे कढया. त्याच्या पलीकडे निंब, बकऱ्या, आणि पारावर एकटाच एक गुलाबी ठिपका.

"हा कोण बसलाय तिकडे?" सरांनी चित्र थांबवून विचारलं. खरंच ओळखलं नाही की ओळखून विचारलं, कोण जाणे.

हर्षलने चहात बघितलं.

विमलबाईंनी चिवड्यातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. "जगदेवराव असतीन," त्या म्हणाल्या. "बोलावणं गेलं नसंन."

रामराव हसले, कारण त्यांना काही कळलं नव्हतं. दीपमाला हसली नाही.

सर रिमोट खुर्चीवर ठेवून उठले. बाहेर ओट्यावर जाऊन, दाराकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने ते खाकरले. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने. आत विमलबाईंनी खुर्चीवरचा रिमोट घेतला, चित्र पुढे सुरू केलं आणि आवाज वाढवला. त्यांचं मंगलाष्टक यायचं होतं.